पक्का हात

छबुबाईला कुणी वय विचारलं की ती हात पुढे करायची. मनगटापासून कोपरापर्यंत रेघाच रेघा. काही पांढऱ्या पडलेल्या, काही काळपट, आणि डाव्या हातावर एक बोटभर लांबीची, उसवून पुन्हा शिवल्यासारखी. उसाचं पातं दिसायला हिरवंगार आणि मऊ, पण त्याच्या कडेला करवतीचे दात असतात. ज्याने फडात एक दिवस काढलाय त्याला हे सांगावं लागत नाही. छबुबाईने तीस हंगाम काढले होते. "बगा की," ती म्हणायची, "ह्यो माझा जन्माचा दाखला. तहसीलात जायची गरज न्हाई."

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं तिचं गाव. दसरा झाला की निम्मं गाव दाराला कुलूप लावून ऊस तोडायला निघायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे दहा-बारा कोयते मिळून एक टोळी. टोळी फडावर उतरली की पहिल्या दिवशी कोयत्यांची पूजा आणि पूजा झाली की हातपाहणी. टोळीतली सगळ्यात जुनी बाई पाचटावर, उसाच्या वाळल्या पात्यांवर, मांडी घालून बसायची आणि नव्याने आलेल्या बायका एकेक करून तिच्यापुढे हात धरायच्या. रेघा असल्या तर पक्का हात, नसल्या तर कच्चा. पक्क्या हाताने नवऱ्याच्या जोडीने कोयता चालवायचा. कच्च्या हाताने संक्रांतीपर्यंत नुसत्या मोळ्या बांधायच्या, आणि तोवर तिच्या नवऱ्याला टोळी 'अर्धा कोयता' म्हणायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची मुकादमाचीही छाती नव्हती.

गेली दहा वर्षं ही पाहणी छबुबाईच करत आली होती. "म्या चांगली तोडते", "माहेरी लई तोडलाय", असली तोंडी साक्ष तिच्यापुढे चालायची नाही. "तोंड खोटं बोलतं, हात न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. किती पोरी त्या वाक्याने रडल्या ते तिला आठवत नव्हतं, आणि आठवायची तिला गरजही वाटत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तिच्यापुढे तिची स्वतःची सून येऊन बसली. ऋतुजा धर्मापुरीची, बारावी झालेली, आईच्या शिलाई मशीनच्या आवाजात वाढलेली. हात असे की उलटेपालटे करून पाहिले तरी ओरखडा सापडेना. छबुबाईने पापणीही न हलवता निकाल दिला, "कच्चा." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सत्यमची बायको हाय म्हून सूट न्हाई." सत्यम तिचा मुलगा. सुनेला ती कधी नावाने हाक मारत नसे, कधी 'माझी सून' म्हणत नसे. 'सत्यमची बायको' किंवा नुसतंच 'सत्यमची'.

मोळ्या बांधणंही काही फुलं वेचणं नव्हे. पातं तिथेही लागतंच, आणि उसाची कुस, ती बारीक काटेरी लव, कातडीत घुसून रात्रंदिवस चावते. पाचव्या दिवशी संध्याकाळी ऋतुजा परातीपुढे बसली. भाकरीचं पीठ कढत पाण्यात मळावं लागतं. चिरलेला हात त्यात घातला आणि तिने तो झटकन मागे ओढला.

"आत्या, तुमाला दुखत न्हाई का?"

"सवय हुती."

"मग आपण हात झाकत कावून न्हाई?"

छबुबाई खो खो हसली. "झाकून ठेवायला हात म्हंजी काय देवाचे टाक हायत का?"

आता, बायका काहीच घालत नसत असं नाही. लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा चढवायची रीत होतीच. पण घामाने जीव नको होतो म्हणून बाह्या कोपराच्या वर सारलेल्या असायच्या. आणि जिच्या बाह्या वर, तिचा हात पक्का, असाही एक तोरा होता. वर्षभर आधी कुठल्याशा संस्थेने रबरी हातमोजे वाटले होते. ते घालून गावातल्या हरिबाने पहिलाच घाव घातला तर कोयता निसटून त्याच्या स्वतःच्याच पायाच्या बोटापाशी मातीत रुतला. हरिबाची पाचावर धारण बसली. त्या दिवसापासून ते मोजे कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांच्या, दारांवर पाच बोटं फाकून लटकत होते, पाखरं हाकलायला. वाटणाऱ्यांनी मोजे बघितले होते, कोयता बघितला नव्हता.

ऋतुजाने मात्र कोयता बघितला. पुरा एक महिना ती मोळ्या बांधता बांधता तोडणाऱ्यांचे हात न्याहाळत राहिली. मग सत्यमची जुनी जीन्स घेतली आणि तिचे दोन्ही पाय कापले. सत्यम हळहळला, कारण ती त्याच्या लग्नाआधीची आवडती होती. आतून जुन्या सुती लुगड्याचं अस्तर, दंडाला नाडी, अंगठ्याला भोक. उजव्या हाताचा तळवा मोकळा ठेवला, कारण कोयत्याची मूठ कातडीलाच कळायला हवी. डावा हात ऊस धरतो, म्हणून त्या तळव्याला दुहेरी कापड. बोटांची टोकं दोन्हीकडे उघडी. वर एक टोपरं शिवलं, मानेवर पदरासारखी झालर सोडलेलं. गावातल्या, आरोग्यखात्याच्या आशाताईने तिला सांगितलं होतं की ऊन नुसतं रंग काळवंडत नाही, कातडीही खातं.

छबुबाईने त्या बाह्या पाहिल्या आणि फडभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "फटफटीच्या शिटाचं कव्हर घालून कुठं निघालीस गं?" बायका हसून हसून लोळल्या. "नव्याचे नऊ दिवस," छबुबाई म्हणाली.

नऊ दिवस गेले, नव्वद गेले. संक्रांतीनंतर ऋतुजाने कोयता हातात घेतला तो बाह्या घालूनच, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, त्या काढल्या नाहीत. दुसऱ्या हंगामाला नव्या शिवल्या. झिजलेल्या जुन्या बाह्या फेकायला निघाली तेव्हा छबुबाई म्हणाली, "ठिव तिकडं, तवा उतरायला व्हतील." तिसऱ्या साली दसऱ्याच्या तोंडावर लेक राजनंदिनी झाली, तेव्हा ऋतुजा गावीच राहिली. त्या उन्हाळ्यात तिने सासूच्या मापाच्याही बाह्या शिवल्या. छबुबाईने त्या घडीसकट पेटीच्या तळाशी घातल्या आणि वर लुगडी रचली.

यंदा चौथं साल. या वेळी लांब न जाता दिंद्रुडच्या बाजूला कालव्याचा ऊस मिळाला होता. कोयते कमी भरले, म्हणून धर्मराज मुकादमाने नारायणगडाकडची एक टोळी आणून यांच्यात मिसळली. त्या टोळीबरोबर साखराबाई आली. बाई उंच, काटक, कमी बोलणारी. छबुबाईपेक्षा चार हंगामांनी जुनी. तिचे हात बघून छबुबाईनेही मनातल्या मनात हात जोडले. आता सगळ्यात जुनी तीच, तेव्हा पाहणीला तीच बसणार. छबुबाईला ते थोडं लागलं, पण रीत ती रीत.

पूजा झाली. नारळ फुटला. साखराबाई पाचटावर बसली. दोन्हीकडच्या मिळून सहा-सात बायका पुढे आल्या. तिच्या टोळीला छबुबाईची माणसं नवी, छबुबाईच्या टोळीला तिची. ऋतुजा कडेवरची राजनंदिनी सासूकडे देऊन पुढे बसली आणि तिने हात धरले. स्वच्छ, नितळ हात. बांगड्या तेवढ्या किणकिणल्या.

साखराबाईने हात उलटे केले, सुलटे केले. अंगठा फिरवून पाहिला.

"किती हंगाम म्हन्लीस?"

"दोन. मधलं एक साल लेकरामुळं घरी व्हते."

"दोन हंगाम कुनी तोडले? या हातांनी?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सत्यम पुढे झाला. "मावशी, तिनं माझ्या बरूबर तोडलाय. बाह्या घालून तोडती ती. इचारा आमच्या टोळीला."

"तोंडाचं काय खरं, बाबा," साखराबाई शांतपणे म्हणाली. "हात काय म्हन्तो ते बगायचं. कच्चा."

साऱ्या माना छबुबाईकडे वळल्या. वाक्य तिचंच होतं. दहा वर्षं तिने ते दुसऱ्यांच्या सुनांवर वापरलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती आपल्या नातीच्या पाठीवर उगाच थोपटत राहिली.

ऋतुजा उठली. रडली नाही. सासूच्या हातातून लेक घेतली आणि कोपीकडे गेली. दोन हंगाम घाम गाळून मिळवलेला कोयता एका शब्दात गेला होता, आणि सत्यम पुन्हा 'अर्धा' झाला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास टोळी फडात शिरली. छबुबाई आणि तिचा नवरा आश्रुबा यांनी आपली पात, म्हणजे तोडायची ओळ, धरली. आश्रुबा गरीब माणूस. बायको बोलत असली की तो ऊस तोडायचा, आणि ती सदैव बोलत असायची. आज मात्र ती गप्प होती. तासाभराने तिने मान वर करून मोळ्या बांधणाऱ्या बायकांकडे पाहिलं. ऋतुजा मोळीला वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्याचा, पीळ देत होती. सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर सारलेल्या. हात उघडे.

छबुबाई कोयता टाकून तिच्याकडे गेली. "तुझ्या त्या ह्या कुठंयत?"

"पिशवीत हायत, आत्या."

"घातल्या कावून न्हाईस?"

ऋतुजाने हातातली मोळी आवळली. "आठ-पंधरा दिवसांत रेघा पडतील. मग पुन्हा हात दाखवते. तुमी दहा वरसं तसंच बगत आलाव की. बाह्या घालून म्या शंभर वरसं तोडलं तरी तुमच्यात कच्चीच ऱ्हानार."

तिच्या डाव्या हातावर मनगटाच्या वर एक ताजी चीर होती. त्यातून रक्ताचे बारीक थेंब एका ओळीत आले होते. छबुबाईने आयुष्यात अशा हजार चिरा पाहिल्या असतील. पण ही तिला बघवेना. ती तशीच फिरली आणि बाभळीकडे गेली. तिथे झोळीत राजनंदिनी जागी होऊन हातपाय झाडत होती.

छबुबाईने नातीला उचललं. आणि नेहमीसारखं आधी पदराचं टोक स्वतःच्या तळव्याभोवती गुंडाळलं. हे ती नातीच्या जन्मापासून करत होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने लेकराला तेल लावायला घेतलं होतं, तर तिच्या तळव्याच्या खरबरीने त्या कोवळ्या पाठीवर लाल वळ उठले होते आणि पोर कळवळून रडली होती. तेव्हापासून आजी नातीला कापडाशिवाय हात लावत नव्हती. गाव ज्या हातांचं कौतुक करत होतं, ते हात तिच्या नातीला सोसत नव्हते. आणि आता तसलेच हात मिळवायला या पोरीची आई फडात उभी राहून स्वतःला चिरून घेत होती.

छबुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिल्यांदा साखराबाईवर, मग धर्मराज मुकादमावर, मग सत्यमवर. फिरून फिरून राग शेवटी स्वतःवर येऊन बसला, आणि तिथून तो हलेना. ती नातीला घेऊन कोपीत गेली आणि पेटी उघडली.

न्याहारीला टोळी बाभळीखाली बसली होती. साखराबाई भाकरीवर ठेचा घेत होती. छबुबाई तिच्यापुढे उभी राहिली. काखेत नात, हातात कापडाचं बोचकं.

"साखराक्का, हात पुन्यांदा बगा."

"पाहनी एकडावच हुती. तुला का म्या सांगावं?"

"काल हात बगितला तुमी. आज बाही बगा."

आणि तिने त्या तव्याच्या काजळीने माखलेल्या, झिजून चिंध्या झालेल्या जुन्या बाह्या साखराबाईच्या मांडीवर पसरल्या. बायका सरसावून बसल्या. ऋतुजा दुरूनच उभी राहिली.

"म्या तीस साल ऊस तोडला, धा साल हात वाचले," छबुबाई म्हणाली. "आता ही वाचते, ऐका. ह्या आडव्या रेघा बगा, धागा धागा पांढरा पडलाय. ह्ये उभ्या पाचटात हात घातल्यावर हुतं. हितं कोपराखाली फाटलंय, ह्ये वाढं तोडताना. अन् ह्यो डावा तळवा. दुहेरी कापड व्हतं, त्याची जाळी झाली. मोळ्या बांधनारीची बोटं झिजत्यात, अक्का. तळवा झिजतो तो ऊस धरून तोडनारीचा. खोटं असंल तर सांगा."

साखराबाईने भाकरी खाली ठेवली. लुगड्याला हात पुसले. बाही उचलून तिने उन्हाकडे धरली, तेव्हा झिजलेल्या कापडातून उजेड रेघांरेघांनी आत आला. मग तिने एक गोष्ट केली, जी कुणाला सुचली नसती. ती बाही तिने स्वतःच्या उघड्या हाताशेजारी ठेवली. मनगटाला मनगट, कोपराला कोपर. कापडावरच्या रेघा आणि तिच्या कातडीवरच्या रेघा जवळजवळ एकाच जागी होत्या.

तिने बाही पुन्हा मांडीवर ठेवली.

"पन ह्ये वार कापडाला झाले गं छबू," ती म्हणाली. "हिला कुठं झाले?"

"त्येच तर म्हन्ते म्या. हिला न्हाई झाले." छबुबाईचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "आपल्याला झाले. कावून झाले? आपली कातडी का वाटंवर पडली व्हती? सत्यम पोटात असताना माझा ह्यो हात पिकला व्हता. पंधरा दिवस पीठ मळता आलं न्हाई. ह्यांनी भाकरी थापल्या, अन् सारी टोळी ह्यांना बाईलवेडा म्हून हसली." आश्रुबाने हळूच मान खाली घातली. "तवापासून म्या कुनाला सांगितलं न्हाई दुखतं म्हून. रोज सांजच्याला पिठात हात घालताना दातावर दात धरते. तीस साल. सवय हुती म्हन्ते, पन सवय बिवय काय हुत न्हाई अक्का. तुमाला झाली का?"

साखराबाईच्या शेजारी बसलेल्या दोन बायकांनी आपापले हात पदराखाली घेतले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि तिथे बसलेल्या प्रत्येकीचं जळत होतं.

"बाही खरं बोलती," साखराबाई म्हणाली. "पन बोलनं एक अन् तोडनं एक. पात धरू दे हिला. दुपारपातूर बगू."

"एकटी न्हाई धरनार. म्या धरते हिच्या बरूबर," छबुबाई म्हणाली. आणि तिने बोचक्यातून दुसऱ्या बाह्या काढल्या. घडी न मोडलेल्या, तिच्या मापाच्या. नात आश्रुबाच्या मांडीवर दिली, सदऱ्याच्या सारलेल्या बाह्या खाली ओढल्या आणि सगळ्यांच्या देखत तीस वर्षांचे ते हात एकेक करून आत घातले. दंडाची नाडी तिला एका हाताने बांधता येईना. ऋतुजा पुढे आली. तिने गाठ मारून दिली, आणि मग पिशवीतून स्वतःच्या बाह्या काढून चढवल्या.

दोघींनी शेजारशेजारच्या पाती धरल्या. सुरुवातीला छबुबाईला अवघडल्यासारखं झालं. पातं हाताला लागत होतं, पण लागत नव्हतं. दर घावाला ती सवयीने हात आखडून घ्यायची आणि मग तिच्या लक्षात यायचं की आखडायचं कारण नाही. पाच-पन्नास ऊस तोडल्यावर हात आखडायचा थांबला. तिचा कोयता चालू लागला, पूर्वीसारखा, वीस-पंचवीस साल मागचा. तिने गालातल्या गालात हसून बाजूला पाहिलं, सून किती मागे राहिली ते बघायला.

सून मागे नव्हतीच. पाच-सहा हात पुढे होती. खाली वाकून बुडख्याशी एक घाव, डाव्या हाताने उसाला झटका, पाचट साफ, वाढं उडवलं, ऊस मागे. एकही हालचाल वाया जात नव्हती. मानेवरची झालर वाऱ्याने हलत होती. पाचटात ती असा बिनधास्त हात घालत होती, जसा छबुबाईने उभ्या जन्मात कधी घातला नव्हता. छबुबाईने जोर केला. आवेशाने केला, खोटा नाही. तिला हरायची मुळीच सवय नव्हती. पण सहाचे आठ हात झाले, आठाचे पंधरा. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ऋतुजा पात संपवून पलीकडच्या बांधावर उभी राहून पाणी पीत होती, आणि छबुबाईपुढे अजून चांगला चार-दोन मोळ्यांचा ऊस उभा होता.

छबुबाईने कोयता खाली टाकला. धापा टाकत ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सगळी टोळी बघत होती. आता ही बाई कुणावर घसरते याची वाट पाहत. आश्रुबाने तर नातीला घेऊन दोन पावलं मागे घेतली.

"बगितलं का?" छबुबाई ओरडली. कालव्यापलीकडच्या फडातली माणसंही थांबली असतील. "बगितलं का समद्यांनी? छबुबाईला मागं टाकलं! तीस सालात कुन्या बाईनं टाकलं न्हाई, कुन्या गड्यानं टाकलं न्हाई. कुनी टाकलं? माझ्या सुनंनं टाकलं! माझी सून हाय ती, ऋतुजा!"

ऋतुजाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. इतक्या वर्षांत तिने सासूच्या तोंडून स्वतःचं नाव पहिल्यांदा ऐकलं होतं. कालपासून न रडलेली पोर आता बांधावर बसून ढसाढसा रडली. सत्यम ऊस तोडायचा सोडून नुसताच हसत उभा होता.

साखराबाई बांधावरून चालत गेली. ऋतुजाचे हात तिने हातात घेतले, नाड्या सोडल्या, बाह्या काढल्या आणि आतले नितळ हात उलटेपालटे करून पाहिले, काल पाहिले होते तसेच.

"पक्का," ती म्हणाली. मग कुणालाही नीट ऐकू येणार नाही अशा आवाजात, "माझ्या मापाच्या कवा शिवशील?"

पुढच्या दसऱ्याला हातपाहणी झालीच, रीत काही मोडली नाही. पण साखराबाईने नव्या पोरीचे हात बाजूला सारले आणि म्हटलं, "हात ऱ्हाऊ दे, बाही दाव." कापड कोरं असलं तर कच्ची, झिजलेलं असलं तर पक्की. तोवर निम्म्या टोळीच्या गड्यांच्या जीन्सा गुडघ्याखाली गायब झाल्या होत्या. आणि छबुबाई जो भेटेल त्याला सांगत होती की ही कल्पना मुळात तिलाच सुचली होती. ऋतुजा ते ऐकून नुसती हसायची.

पण ती पुढची गोष्ट. त्या चढाओढीनंतरच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी, दिवस अजून मावळायचा होता, छबुबाई कोपीपुढे परात घेऊन बसली. पाचवा दिवस वाईट असतो. पाच दिवसांच्या चिरा तोवर उघड्या झालेल्या असतात. तिने पिठात कढत पाणी ओतलं, तीस वर्षांच्या सवयीने दातावर दात धरले आणि हात घातला.

काही झालं नाही. पाणी नुसतं गरम लागलं.

तिने हात बाहेर काढून पाहिला. पुन्हा घातला. पीठ मळलं, गोळा केला, भाकरी थापली. मग दुसरी थापली. मग परातीवरच तिचे डोळे भरून आले.

"आत्या, भाजलं का?" चुलीपाशी बसलेल्या ऋतुजाने घाबरून विचारलं.

"न्हाई गं ऋतुजा," छबुबाई म्हणाली. "काईच न्हाई झालं. ईस भाकरी करते आज. कुनाला लागत्यात त्यांना बोलाव."